फिल्मवरचा काळा

काळ्या टी-शर्टवर शिवाजी महाराजांची दाढी पांढरी उमटली, तर दोष शाईचा नसतो आणि छापणाऱ्याचाही नसतो. ती दाढी त्याच्या आधीच, संगणकासमोर, कुणीतरी घाईघाईत पांढरी केलेली असते. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांनी काढलेलं रेखाचित्र जसंच्या तसं उचललं, शाई पांढरी सांगितली आणि काळ्या कापडावर ओढली, की चेहरा निगेटिव्हसारखा उलटा होतो. दाढीमिशा पांढऱ्या, बुबुळं पांढरी, गाल मात्र काळेठिक्कर. शिवजयंतीच्या मिरवणुकीत असे टी-शर्ट दिसतात आणि ढोल-ताशांच्या गजरात ते खपूनही जातात.

इलाज सोपा आहे, पण तो चित्राच्या मुळाशी जाऊन करावा लागतो. काळ्या कापडावर काळा छापायचाच नाही. कापड काळं आहेच. जिथे सावली आहे तिथे ते उघडं सोडायचं आणि कपाळ, नाक, गालाचा उंचवटा, जिरेटोपावरचे मोती अशा उजेडाच्या जागीच शाई टाकायची. थोडक्यात, तेच चित्र पुन्हा काढायचं, या वेळी रेषेच्या नव्हे, उजेडाच्या बाजूने. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ‘आर्टवर्क तयार करणं’ म्हणतात ते मुख्यतः हेच: काय छापायचं यापेक्षा काय छापायचं नाही हे आधी ठरवणं.

हे ठरवणाऱ्यांची एक मोठी वस्ती नोएडात आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेलं हे शहर नावापासूनच औद्योगिक. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी या सरकारी नावाची आद्याक्षरं जोडली आणि गावाचं नाव झालं. बाहेरच्यांना नोएडा म्हटलं की वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ, मॉल आणि आयटी कंपन्या आठवतात. पण उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली तेव्हा नोएडा ज्यात येतं त्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्याच्या नावापुढे लागले ते तयार कपडे. फेज टू मधलं होजियरी कॉम्प्लेक्स घ्या किंवा सेक्टर ६३ च्या आसपासचे कारखाने घ्या. परदेशी दुकानांत टांगले जाणारे टॉप, फ्रॉक, टी-शर्ट इथे शिवले जातात. जिथे टी-शर्ट शिवला जातो तिथे छपाई आलीच, आणि छपाई आली की तिच्या आधी बसणारा तो माणूसही आला, ज्याला बाहेर कुणी ओळखत नाही. निर्यातीच्या कारखान्यात त्याच्यापर्यंत मर्चंडायझरकडून टेक पॅक, म्हणजे कपड्याचा तपशील देणारं पत्रक, येतं, त्यात पँटोनचे रंग-क्रमांक असतात, मग ‘स्ट्राइक-ऑफ’ म्हणजे नमुन्याचा छाप काढून बायरची मंजुरी घेतली जाते. छोट्या दुकानात टेक पॅकच्या जागी मोबाइलवर आलेलं एक चित्र असतं आणि ‘परसों तक हो जाएगा ना?’ हा प्रश्न असतो.

या धंद्याचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पॉलिएस्टरची जाळी ताणून बसवतात. तिच्यावर इमल्शनचा पातळ थर अंधाऱ्या खोलीत चढवतात आणि सुकवतात. वर पारदर्शक फिल्म ठेवायची, फिल्मवर चित्र काळ्या रंगात. मग अतिनील दिवा लावायचा. लहान गल्ल्यांत अजूनही उन्हात धरून काम भागवणारे आहेत. प्रकाश पडला तिथलं इमल्शन कडक होतं. काळ्याने झाकलं तिथलं मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघतं. हा क्षण पाहण्यासारखा असतो. हिरव्या किंवा निळ्या थरावर आधी अक्षरांची नुसती फिकट चाहूल दिसते, पाणी मारत राहिलं की कडा सुटू लागतात, आणि चौकट उजेडाकडे धरली की त्या अक्षरांच्या आकारातून पलीकडची खिडकी दिसते. शाई फक्त तिथूनच जाणार.

फिल्मला रंग कळत नाही. शाई लाल असो, सोनेरी असो की पिस्ता, फिल्मवर ती काळीच छापायची, आणि काळी म्हणजे ठार काळी. प्रिंटरने शाई कमी सोडली आणि काळा जरासा करडा आला, की त्यातून प्रकाश झिरपतो, बारीक रेषा अर्धवट कडक होतात आणि धुताना उघडतच नाहीत. लेझर प्रिंटरमधून ट्रेसिंग पेपर काढला तर आणखी एक गोची होते. यंत्राच्या उष्णतेने कागद किंचित आकसतो. एकरंगी कामात ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण चार रंगांचे चार कागद चार तऱ्हेने आकसले, की कोपऱ्यांतल्या रजिस्टरच्या (रंग जुळवण्याच्या) खुणा जुळल्या तरी मधलं चित्र जुळत नाही.

एक रंग, एक फिल्म, एक स्क्रीन. पाच रंगांच्या चित्राचे पाच तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा काळ्या रंगात वेगळा मांडायचा आणि ते कापडावर पुन्हा एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. याला ‘सेपरेशन’ म्हणतात, आणि मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या अशाच: प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि मूळ तैलचित्रातला कुठला भाग कुठल्या दगडावर जाणार हे ठरवणारा कारागीर वेगळा. या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. त्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईचं तंत्र शिकायला ते १९०९ साली जर्मनीला गेले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचं नाव सगळे घेतात. ते आधी छपाईपूर्व कामातले पक्के कारागीर होते, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या कामाचं नशीबच तसं.

रेशमी जाळीतून छापण्याचं, म्हणजेच स्क्रीन प्रिंटिंगचं, पेटंट १९०७ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने घेतलं. १९६२ पासून अँडी वॉरहॉलने याच तंत्राने मेरिलिन मन्रोचे चेहरे छापले. त्यात ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकलेला आहे आणि पापणीचा निळा पापणी सोडून गेलेला. त्याला ते सरकणं हवंच होतं. नोएडाच्या क्वालिटी चेकिंगच्या टेबलावर तो मन्रो-टी-शर्ट आला असता तर ‘रजिस्ट्रेशन आउट’ म्हणून रिजेक्टच्या ढिगात गेला असता.

गडद कापडाची कथा दाढीपाशी संपत नाही. लाल किंवा पिवळी शाई काळ्या टी-शर्टवर थेट छापली तर कापड ती पिऊन टाकतं आणि रंग मेल्यासारखा दिसतो. म्हणून खाली आधी पांढऱ्याचा अस्तर-थर द्यावा लागतो. आपल्याकडे या दाट पांढऱ्या पेस्टला धंद्यात ‘खादी’ म्हणतात. कापडाच्या खादीशी तिचं काही नातं नाही. खादी छापायची, वरून गरम पॅनेलने चटकन सुकवायची, मग रंग चढवायचा. आता हा पांढरा थर वरच्या रंगाइतकाच मोठा ठेवला, तर छापताना कापड केसभर सरकलं तरी लाल अक्षराच्या एका कडेला पांढरी किनार डोकावते. म्हणून आर्टवर्क करणारा पांढऱ्याला सगळ्या बाजूंनी अर्धा-एक पॉइंट आत घेतो. एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. पडद्यावर हा फरक शंभर टक्क्यांवर पाहिला तर दिसतही नाही, पण छपाई ‘फॅक्टरीची’ वाटते की ‘गल्लीतली’ हे बहुतेक वेळा या एका पॉइंटवर ठरतं.

आता समजा, नोएडातल्या एखाद्या मराठी मंडळाला गणेशोत्सवासाठी टी-शर्ट हवे आहेत. बोधचिन्ह कुणाच्या तरी भाच्याने तीन वर्षांपूर्वी केलेलं. मूळ फाइल कुठे आहे ते भाच्यालाही ठाऊक नाही. ग्रुपवर फिरणारं चित्र मात्र सगळ्यांकडे आहे, आणि कार्यकर्ते तेच पुढे पाठवतात. ‘दादा, एचडी आहे!’ असा दिलासाही देतात. व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं; लांब बाजू बऱ्याचदा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. छातीवर १२ इंच रुंद छापायचं तर इंचाला ३०० या हिशेबाने ३६०० पिक्सेल लागतात. १६०० ला १२ ने भागलं की इंचाला १३३ उरतात. मोबाइलवर झकास दिसणारा मोदक छातीवर दातेरी होतो तो इथे. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर निदान होती तशी तरी पोचली असती.

खरं उत्तर म्हणजे बोधचिन्ह व्हेक्टरमध्ये पुन्हा काढणं: ठिपक्यांऐवजी वक्ररेषांनी, जी टोपीवरही चालेल आणि होर्डिंगवरही. शिल्पातही हेच दिसतं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी आपली कर्मभूमी नोएडाच केली. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांच्या हातच्या लहान प्रतिकृतींतून वाढवत नेलेला आहे. लहान रूपात नाकाचा कोन ठरलेला असेल तरच तो मोठ्या रूपात टिकतो. दाबलेल्या फोटोत काहीच ठरलेलं नसतं. कडेचा प्रत्येक पिक्सेल ‘मी मोदकात की आकाशात’ अशा संभ्रमात असतो. ‘ऑटो ट्रेस’ नावाची कळ दाबून हे काम एका क्षणात होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या कळीने काढलेला गणपती एकदा मोठा करून पाहावा. सोंडेला भलतीकडे उंचवटे येतात आणि सुळा बटाट्यासारखा होतो.

मग अक्षरं. इथे नोएडातल्या मराठी ऑर्डरची खरी परीक्षा असते. संगणकावर बसलेला मुलगा हिंदी भाषक, हाताने वेगवान, स्वभावाने चोख. तो ‘गणपती बाप्पा’ मजकूर नव्याने टाइप करताना आपल्या सवयीने ‘गणपति बप्पा’ करतो, ‘मंगलमूर्ती’ची ‘मंगलमूर्ति’ होते, ‘मंडळ’चं ‘मंडल’. त्याच्या दृष्टीने त्याने चूक सुधारलेली असते! ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य तर नेहमीच्या रफारासारखा डोक्यावर चढून बसतो. युनिकोडचा मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून भलत्या बाजूला उभी राहते, जोडाक्षरं सुटी होतात. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

‘ल’ आणि ‘श’ची गोष्ट आणखी बारीक. महाराष्ट्र शासनाच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. उत्तरेत चालणाऱ्या अनेक फॉन्टमध्ये ही वळणं निराळी. चुकीचं असं काही नाही, वाचता सगळ्यांना येतं. पण पुण्याहून पाहुणा आला की टी-शर्टकडे बघून ‘हे जरा हिंदी वाटतंय’ म्हणतो आणि त्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. हीच गोष्ट ज्यांना आयुष्यभर नेमकी सांगता आली, अशांपैकी अक्षरकार कमल शेडगे एक होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांनी केलेली नावं फॉन्टमधून उचललेली नसत, प्रत्येक नाटकासाठी हाताने रेखलेली असत. ज्या मंडळाला परवडेल त्याने आपलं नाव एकदाच कुणा जाणत्या अक्षरकाराकडून काढून घ्यावं. वीस वर्षं पुरतं.

फॉन्टच्या या घोळावर धंद्यातला तोडगा एका शब्दाचा आहे: कर्व्ह. मजकूर तपासून पक्का झाला की कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचं चित्र करून टाकायचं. मग फॉन्ट असो-नसो, ळ कुठे जात नाही. मात्र कर्व्ह झालेल्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून वाचन आधी आणि कर्व्ह नंतर. अनुभवी माणूस दोन फाइली ठेवतो, एक मजकुराची आणि एक कर्व्हची, आणि छपाईला दुसरीच पाठवतो.

फोटो छापायचा हट्ट असेल तर हिशेब बदलतो. स्क्रीनला करडा कळत नाही, म्हणून करड्याचे लहान-मोठे काळे ठिपके करावे लागतात. रोजच्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर हेच दिसतं. कापडावर हे ठिपके बरेच जाड ठेवतात. एका इंचात ठिपक्यांच्या ओळी किती, हे जाळीवर अवलंबून. इंचाला २३० धाग्यांची जाळी असेल तर चार-पाचने भागून जो आकडा येतो त्याच्या आसपास, म्हणजे ४५ ते ५५ ओळी. त्याहून बारीक ठिपका जाळीच्या धाग्यावर बसतो आणि छापतच नाही. ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे एकमेकांना समांतर आले की चेहऱ्यावर लाटांची नक्षी उमटते. ती टाळायला ओळी साडेबावीस अंशांत तिरप्या करतात. शिवाय शाई कापडात पसरते, म्हणून गडद भाग फिल्मवर मुद्दाम थोडे फिके ठेवायचे. पडद्यावर ते चित्र धुतल्यासारखं दिसतं. ग्राहक नेमका तेव्हाच मागे येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘भय्या, थोडा डार्क करो.’

क्रिकेटच्या जर्सीत आणखी एक फसगत आहे. पॉलिएस्टरच्या लाल कापडावर पांढरा नंबर छापला, भट्टीतून पांढराशुभ्र बाहेर आला, गठ्ठे बांधले, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी नंबर गुलाबी. कापडातला रंग उष्णतेने सुटून शाईत चढतो. यावर कमी तापमानाला पिकणारी शाई किंवा खाली करड्या अडसर-शाईचा थर, असे उपाय आहेत. पण तो थर द्यायचा तर त्याची वेगळी फिल्म आणि वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे कापड कोणतं हे आर्टवर्क सुरू करण्याआधी विचारायला हवं. ‘टी-शर्ट बाद में फाइनल करेंगे’ हे वाक्य म्हणून धोक्याचं.

मापांचंही तसंच. एस आणि डबल एक्सएल दोघांनाही बहुधा एकच स्क्रीन वापरतात, कारण मापागणिक वेगळी स्क्रीन म्हणजे वेगळा खर्च. लहान मापावर छाप काखेकडे धावू नये आणि मोठ्या मापावर तो बिल्ल्याएवढा वाटू नये, अशी रुंदी काढावी लागते. मंडळाने लहान मुलांचे टी-शर्टही त्याच ऑर्डरीत घातले असतील तर एकच रुंदी चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरी फिल्म काढणंच शहाणपणाचं.

गेल्या काही वर्षांत डीटीएफ आलं. रंगीत चित्र खास फिल्मवर छापायचं, चिकट पूड लावायची आणि गरम दाबाने कापडावर उतरवायचं. स्क्रीन नको, सेपरेशन नको, दहा नग असले तरी चालतं. छोट्या ऑर्डरींना ते वरदान आहे, यात वाद नाही. मात्र त्याने आर्टवर्कची गरज संपली ही समजूत चुकीची. दातेरी मोदक डीटीएफमध्येही दातेरीच येतो, ‘मंडल’ तिथेही ‘मंडल’च राहतं, आणि चित्रामागची पांढरी चौकट काढायची राहिली तर ती चौकट इमानदारीने छापली जाते. आणि शेकड्याने नग असतील, दोन-तीन सपाट रंग असतील, तर स्क्रीनचा छाप आजही स्वस्त पडतो.

खटकतं ते वेगळंच. दुकानांच्या पाट्यांवर, दरपत्रकांवर ‘डिझाइन फ्री’, ‘आर्टवर्क फ्री’ असं सर्रास लिहिलेलं असतं. स्क्रीनचे पैसे वेगळे लागतात, शाईचे लागतात, फॉइल किंवा पफ घेतला तर त्याचे जास्त लागतात. ज्या कामावर बाकी सगळं अवलंबून आहे तेवढं फुकट! फुकट म्हणजे कुणाच्या तरी पगारातून, किंवा घाईतून. मग जुन्या फाइलवर नाव बदललं जातं, इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाचं तरी चित्र उचललं जातं, पांढरा थर आत घ्यायचा राहतो. ग्राहकाला वाटतं छपाई खराब झाली.

येत्या गणपतीला किंवा शिवजयंतीला टी-शर्ट करणार असाल, नोएडात असा की नाशकात, तर महिनाभर आधी दुकानात जा. कापडाचा नमुना हातात घेऊन जा, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर न्या, मजकूर कागदावर सुवाच्य लिहून द्या आणि त्यातल्या प्रत्येक ‘ळ’भोवती गोल करा. फिल्म काढण्याआधी प्रत्यक्ष मापाचा छाप साध्या कागदावर मागा, तो छातीला लावून आरशात पाहा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एकदा वाचून घ्या आणि खाली सही करा. आणि बिलात आर्टवर्कची ओळ नसेल तर ती घालायला सांगा, तिचे पैसे द्या.